टोनचं बटण

उत्तम गेला त्या दिवशी त्यांच्या गल्लीत पाणी यायचं होतं. आमच्या शहरात पाण्याचा वार तेवढा लक्षात ठेवावा लागतो, बाकीचे वार विसरले तरी चालतात. तो पहाटे उठला, मोटर लावली, ड्रम भरले, टाकी भरली, बादल्या-घागरी सगळं काठोकाठ भरलं आणि शोभाला, त्याच्या बायकोला, म्हणाला, "आता चहा टाक, दमलो." ती कप घेऊन बाहेर आली तोवर तो बाजेवर बसल्या बसल्याच कलंडलेला होता. रफिकचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. रफिक म्हणजे आमचा कीबोर्ड वाजवणारा. "ताई, उत्तमभाई गए," एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, "कुठं गेला? आज तर त्यांच्याकडं पाणी आहे." रफिकने तेच पुन्हा म्हटलं. मग मला कळलं... जुडी हातात तशीच राहिली.

याला दीड महिना होत आला. लोक भेटतात, विचारतात, ताई कसं वाटतंय. खरं सांगू का, दमल्यासारखं वाटतंय. रडू येऊन गेलं, संताप येऊन गेला, आता नुसता शीण आहे. सकाळी उठते तीच दिवसभर काम केल्यासारखी. उत्तम आमच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत बेस गिटार वाजवायचा आणि मी त्या पार्टीची गायिका. जयंती असो, विहाराचं उद्घाटन असो, कुणाचं लग्न असो की कुणाच्या घरी माणूस गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन, आम्ही वीसेक वर्षं एकाच टेम्पोत बसून गेलो, एकाच डब्यातलं जेवलो. जयंतीच्या अंकासाठी त्याच्याबद्दल दोन शब्द लिहा असं मला सांगितलं गेलं, तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. कारण उत्तमबद्दल लिहायचं म्हणजे माझ्या आवाजाबद्दल लिहावं लागणार, आणि तो विषय मला या वयात चारचौघांत काढायचा नव्हता.

ज्यांना आमची पार्टी माहीत आहे ते मला 'काळी पाचची बाई' म्हणतात. पेटीवरच्या पट्ट्यांना आम्ही काळी एक, काळी दोन, पांढरी चार अशी नावं ठेवतो. जिथून गाणं धरायचं ती गायकाची पट्टी. बहुतेक बायका त्यातल्या त्यात सोयीची पट्टी धरतात. मी काळी पाच धरायची, म्हणजे चांगली वरची, आणि तिथून अंतऱ्यात आणखी वर जायची. फुलंब्रीच्या बाजूला शाळेवर नोकरी होती तेव्हा दिवसभर वर्गात ओरडून संध्याकाळी स्टेजवर उभी राहायची, तरी आवाज फाटायचा नाही. मला त्याची घमेंड होती. होती म्हणजे होतीच, आता कशाला लपवू.

उत्तम आमच्याकडं आला तो ही गिटार घेऊनच. वाळूजला एका कंपनीत लेथवर होता. छावणीतले एक गृहस्थ चर्चमध्ये वाजवायचे, ते शहर सोडून चालले तेव्हा त्यांच्याकडून त्याने ती जुनी घेतली. विटकरी रंग, कडेचे टवके उडालेले, साध्या गिटारला सहा तर हिला चारच जाड तारा. आमच्यात तोवर पेटी, ढोलकी, बँजो, फार तर कीबोर्ड. ढोलकीवाले दिनकरराव तिच्याकडं बघून म्हणाले, "दोन तारा पडल्या व्हय रे हिच्या?" उत्तम हसला फक्त. तो कुणाला उलटून बोलायचाच नाही, त्यामुळं त्याला चिडवण्यात मजा यायची नाही आणि आम्ही तरीही चिडवायचो.

वैजापूरला एकदा संयोजक म्हणून कांद्याचे एक व्यापारी होते. गळ्यात निळा पंचा, बोटांत अंगठ्या. पहिली दोन गाणी झाली आणि ते स्टेजवर येऊन माझ्या कानाशी लागले, "ताई, ह्यो माणूस वाजवतो का नुसता उभा ऱ्हातो? त्याचं तर कायच ऐकू येत नाय." उत्तमने ते ऐकलं. त्याने त्यांना हाताला धरून आपल्या शेजारी उभं केलं आणि तिसऱ्या गाण्याच्या मधेच बोटं तारांवरून उचलली. बाकी सगळं चालू होतं, ढोलकी चालू, मी चालू. पण व्यापारी गडबडून इकडंतिकडं बघायला लागले. "काय बंद पडलं हो? फेज गेला का?" उत्तमने पुन्हा तार दाबली आणि गाणं जागेवर बसलं. "तेच वाजवतो मी, शेठ," तो म्हणाला. पुढं त्या माणसाने दर वर्षी आम्हाला बोलावलं आणि दर वर्षी येणाऱ्या-जाणाऱ्याला हा किस्सा स्वतःच सांगितला.

त्या गिटारला दोन बटणं होती, एक व्हॉल्यूमचं, एक टोनचं. कार्यक्रमाआधी दुपारी माईक तपासायला आम्ही जायचो तेव्हा उत्तमचं सगळं ध्यान या दोन बटणांत. टोनचं बटण उघडत गेलं की आवाज उजळ होतो, तार खणखण बोलते, बोट लागल्याचासुद्धा टकटक आवाज येतो. बंद करत आणलं की तो गोल होतो, घोंगडीखालून आल्यासारखा. उत्तमला तोच आवडायचा. पूर्ण बंद नाही, किंचित उघडा. नेमकी जागा सापडावी म्हणून त्याने शोभाची लाल नेलपॉलिश घेऊन बटणाच्या कडेला गिटारवर एक ठिपका दिला होता. बटणावरची रेघ ठिपक्यासमोर आणायची आणि मग व्हॉल्यूमकडं वळायचं. व्हॉल्यूम तो कधी पूर्ण उघडायचा नाही. साउंडवाला खालून हात वर वर करायचा, अजून, अजून. हल्ली तर सगळ्यांना छातीत धडधडणारा बेस पाहिजे. उत्तम मान हलवायचा. "नाय भाऊ. ताईंचे शब्द ऐकायला आलेत लोक. माझं गिटार ऐकायला कोण आलंय?" एक बटण हलवलं की दुसरंही हलवावं लागतं, हे मला त्याच्याकडूनच कळलं, टोन उघडला तर आवाज पुढं येतो, मग व्हॉल्यूम केसभर मागं घ्यायचा. तो हे असं समजावून सांगायचा की ऐकताना मला भाजीत तिखट-मीठ घातल्यासारखं वाटायचं.

मधे एका हिवाळ्यात मला खोकला लागला तो जाईचना. डॉक्टर झाले, काढे झाले, शेजारणींचे उपाय झाले. बरी होऊन पहिल्या कार्यक्रमाला उभी राहिले तर अंतऱ्यात आवाज चरकन चिरला. लोकांनी टाळ्या वाजवून सांभाळून घेतलं. त्या टाळ्या मला लागल्या. दयेच्या टाळ्या वेगळ्या ऐकू येतात. परतताना टेम्पोत मी सगळ्यांना सांगून टाकलं, "पुढच्या वेळी पट्टी गाठता आली नाही तर मी गाणं सोडणार. खालच्या पट्टीत कण्हत बसायची नाही." उत्तम खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "यील ताई. आवाज कुठं जातोय."

आणि खरंच आला! पुढच्या रविवारी उत्तमच्या घरी तालीम होती. बाहेरच्या खोलीत ड्रमांच्या रांगेशेजारी आम्ही बसायचो. रफिकची बोटं काळी पाचवर, मी डोळे मिटून उचललं आणि आवाज वर गेला, सहज गेला. मी गाणं अर्ध्यात थांबवून ओरडले, "बघा! आला का नाही?" उत्तम म्हणाला, "आला ना. मी म्हणलो नव्हतो?" त्या दिवशी मी सगळ्यांना गुलमंडीवरून आणलेली जिलबी खाऊ घातली होती. शोभाने दुसऱ्यांदा घेतली, रफिकने डब्यात घालून घरी नेली.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून खटकायला लागली. उत्तमची गिटार बदलली. ती गोल, मागं राहणारी गिटार आता खणखण बोलायला लागली होती. मी बघितलं तर बटणावरची रेघ लाल ठिपक्याच्या कितीतरी पुढं. म्हटलं, चुकून झालं असेल. पण दर कार्यक्रमात तेच. शेवटी फुलंब्रीला मी सगळ्यांदेखत बोलले, "उत्तम, हे काय पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं? तो ठिपका मग कशाला दिलाय? टिकली म्हणून?" दिनकरराव ढोलकीच्या दोऱ्या आवळत होते, ते एकदम खाली बघायला लागले. उत्तम म्हणाला, "तारा जुन्या झाल्यात ताई, आवाज मरतोय. म्हणून उघडलंय." मला पटलं. मी भाच्याकरवी पुण्याहून नव्या तारा मागवल्या आणि त्याच्या हातात ठेवल्या. त्याने त्या दोन्ही हातांनी घेतल्या, लगेच चढवल्या. नव्या तारा मुळातच उजळ, त्यामुळं काही दिवस रेघ पुन्हा ठिपक्यावर आली. मी मनात म्हटलं, जिंकले. तारा जरा रुळल्या आणि रेघ पुन्हा पुढं सरकली. मग मी नाद सोडला. वय झालं की माणसाला कमी ऐकू येतं, उजळ आवाज लागतो, असं माझं मीच ठरवून टाकलं. त्याची कीवसुद्धा केली थोडी.

शेवटची तालीम तो जायच्या आधीच्या रविवारी झाली. काही वेगळं घडलं नाही, हेच आता टोचतं. त्याने केबल गुंडाळली, गिटारवर काळं कापड घातलं, मला विचारलं, "ताई, तुमच्याकडं पाणी कवा हाय?" मी म्हटलं, शुक्रवारी. "आमच्याकडं त्याच्या आधी हाय. लागलं तर सांगा, दोन घागरी आणून देतो." एवढंच.

पुण्यानुमोदनाला आमच्यात गाणं असतं. गायन पार्टीच्या माणसाच्या घरी तर असणारच. भंतेजींचं सूत्रपठण झाल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. उत्तमचा फोटो खुर्चीवर, फोटोला टेकून गिटार. मी उठलेच नाही. घशाला हात लावून खूण केली, जमणार नाही. लोकांना ते समजलं. मला वाटलं, दुःखाने आवाज बसलाय, चार दिवसांत उठेल. चार दिवसांनी मी माळ्यावरून माझी जुनी पेटी काढली. घरी मी रियाज असा कधी केलाच नव्हता, कित्येक वर्षं तालीम म्हणजे रफिकचा कीबोर्ड. पेटी पुसली, काळी पाच धरली, अंतरा उचलला आणि... जाईना. परत धरला. जाईना. कालपरवापर्यंत सहज चढणारा आवाज जिन्याच्या खालीच उभा. रोज दुपारी दार लावून बघितलं. एकदाही गेला नाही. मग मी पेटीचा भाता बंद केला आणि मनाशी म्हटलं, झालं. उत्तम गेला आणि जाताना माझा आवाज घेऊन गेला.

जयंती तोंडावर आलेली. आमचा तोच हंगाम. रफिक घरी आला, म्हणाला बेस मी डाव्या हाताने कीबोर्डवरच सांभाळतो, ताई फक्त तुम्ही हो म्हणा. मी त्याला सांगितलं, दुसरी गायिका बघ. कारण विचारलं तेव्हा पेटी पुढं ओढली आणि त्याच्यादेखत काळी पाच धरून दाखवली. आवाज जिथं फाटायचा तिथं फाटला. "बघितलं? दोन वर्षांपूर्वी परत आलेला, आता कायमचा गेला." रफिक चहाच्या कपाकडं बघत राहिला. कप त्याने खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"ताई, नाराज नक्को हो. आप दो साल से काली पाँच में गायेच नै."

मला अर्थ लागेना. मी म्हटलं, तुझी बोटं मी रोज बघत होते. तेव्हा त्याने सांगितलं. कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं काळी पाचवरच राहतात पण आवाज अर्धा सूर खाली निघतो. दोनदा दाबलं की आणखी अर्धा. खोकल्यानंतरच्या त्या तालमीला आधी अर्धा सूर उतरवला, पुढच्या पावसाळ्यात आणखी अर्धा. मी ज्याला काळी पाच समजून छाती काढून गात होते ती काळी चार होती. उत्तम त्याच्या गिटारवर हात दोन घरं मागं सरकवून वाजवायचा. दिनकरराव मी यायच्या आधीच ढोलकी उतरवून ठेवायचे. कोरसमधल्या दोघींनाही ठाऊक होतं. सगळ्या पार्टीला ठाऊक होतं, एक मी सोडून.

"उत्तमभाई का आइडिया था. बोले, ताई कू मालूम पड़ा तो गाना छोड़ देंगी. अपने कू ताई होना, पट्टी का क्या करना?" रफिक म्हणाला. "मगर पट्टी उतरी की गाना थोड़ा बैठ जाता. आप पकड़ लेते. इसलिए भाई टोन खोलके रखते थे, गाना ऊपर का लगना चाहिए करके."

मला राग आला. भयंकर आला. म्हणजे मी ज्या टाळ्या घेतल्या त्या कसल्या, जी जिलबी वाटली ती कशाची! रफिकला मी नाही नाही ते बोलले, दोन वर्षं मला खुळ्यात काढलं म्हणाले, उत्तमला तर मेलेल्या माणसाला बोलू नये ते बोलले. रफिक ऐकून घेत होता. बोलून बोलून दम लागला तेव्हा फुलंब्रीचा तो दिवस डोळ्यांपुढं आला. सगळ्यांदेखत मी त्याला पत्र्याचा डबा म्हणाले होते. ज्या आवाजासाठी त्याने बायकोची नेलपॉलिश लावून जागा पक्की केली होती तो आवाज त्याने माझ्यासाठी सोडला, आणि वर माझीच बोलणी खाल्ली, आणि माझ्याच तारा दोन्ही हातांनी घेतल्या. एका शब्दाने सांगितलं नाही. मग मात्र मी रडले, रफिकसमोरच, पदर तोंडाला लावून.

दुसऱ्या दिवशी दुपारी शोभाकडं गेले. बाहेरच्या खोलीत तेच ड्रम, रांगेने भरलेले. आता शेजारचा पुतण्या भरून देतो म्हणाली. कोपऱ्यात काळ्या कापडाखाली गिटार. मी कापड काढलं. रेघ ठिपक्याच्या पुढं होती, शेवटच्या रविवारी माझ्यासाठी उघडली होती तिथंच. मी बटणाकडं हात नेला तसा शोभाने माझा हात धरला.

"नका ताई. त्यांनी ठिवलंय तसंच राहू द्या. मी धूळसुद्धा फुंकरीनं उडवते. त्यांचा हात लागलाय त्याला."

मी हात मागं घेतला. मग बाजेवर बसून मी तिला सगळं सांगितलं, खोकल्यापासून. पट्टीचं, रफिकच्या बटणाचं, टोनचं. माझं संपल्यावर म्हणाली, "मला ह्यातलं काय ठाव नाय. पर कंपनीतून आल्यावर एकटे वाजवत बसायचे ना, तवा बटण ठिपक्यावर आणायचे. अन् तुमची तालीम असली की पुढं सारायचे. मी इचारलं एकदा, का हो सारखं फिरवता? तर म्हणले, ह्यो माझा आवाज नाय शोभा. ह्यो ताईंचा हाय."

बाहेर कुणीतरी कांदे विकत गेला. मग मी म्हटलं, "शोभा, जयंतीला मी गाणार आहे. काळी चारमध्ये. सांगून गाणार आहे. आता मला वरचं काही दाखवायचं नाही." खरं तर हे बोलेपर्यंत माझं ठरलं नव्हतं. बोलले आणि ठरलं.

शोभा उठली. पदराला हात पुसले. कोपऱ्यात जाऊन गिटारपुढं बसली आणि बटणाकडं बघत राहिली... "मंग आता त्यांचं त्यांना देऊन टाकू," ती म्हणाली आणि दोन बोटांनी तिने ते हळूहळू फिरवलं, रेघ तिच्या लाल ठिपक्यासमोर येईपर्यंत. जरा पुढं गेलं, मागं आणलं. मला म्हणाली, "बराबर हाय का?" मी मान हलवली. तिने केबल लावली, स्पीकर चालू केला, त्याला बघून बघून तिला तेवढं येत होतं. सगळ्यात जाड तार तिने अंगठ्याने ओढली. दोन वर्षांनी तो आवाज मी ऐकला. ड्रमांतलं पाणी हललं.

संध्याकाळी रफिकला फोन केला. त्याने दबकत विचारलं, "ताई, पट्टी?" मी म्हटलं, "काळी चार. आणि ते बटण दाबायचं नाही. बोटं काळी चारवरच दिसली पाहिजेत मला." हे छापून येईल तेव्हा सगळ्या शहराला कळेल, कळू दे. काळी पाचची बाई ऐकायला येणाऱ्यांनी आलं नाही तरी चालेल. गिटार शोभा स्वतः घेऊन येणार आहे. उत्तमच्या जागेवर खुर्ची ठेवून तिच्यावर गिटार उभी करायची, असं आमचं ठरलंय. टोन ठिपक्यावर आहे. व्हॉल्यूमला आम्ही हात लावलेला नाही, तो होता तसाच, थोडा मागं.